फोटोवरून तसबीर काढतांना

आपल्याकडील बहुतेक जुन्या घरांत एक तरी फोटो असा असतो कीं, त्याच्यावांचून त्या माणसाची दुसरी कसलीहि रूपखूण मागें राहिलेली नसते. कोपरे झिजलेले, पुठ्ठा पिवळा पडलेला, एखाद्या बाजूनें वाळवीनें चाटलेला असा तो कागद. आणि त्यावर खुर्चींत ताठ बसलेले, पागोटें घातलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवलेले पणजोबा. घरांत एखादें मंगल कार्य निघालें, किंवा जुन्या वाड्याचें नवें घर झालें, म्हणजे तो कागद पेटींतून बाहेर येतो आणि चित्रकाराच्या हातीं पडतो. मागणी अगदीं साधी असते. "ह्यावरून एक मोठी तैलरंगांतली तसबीर करून द्या. चेहरा तेवढा हुबेहूब आला पाहिजे."

ह्या मागणींतले "चेहरा तेवढा" हे दोन शब्दच मला पुढच्या सर्व घोटाळ्याचें मूळ वाटतात. तसबीर तयार होते, भिंतीवर चढते, घरांतलें एखादें वृद्ध माणूस तिच्यासमोर उभें राहतें. नाक, डोळे, कपाळ सारें त्याला मान्य असतें, आणि तरीहि तें म्हणतें, "चेहरा त्यांचाच आहे, पण हे ते नव्हेत." चित्रकार मग पुन्हां डोळ्यांशीं झटतो, ओठांच्या कडा बदलतो, आणि होतें तेंहि साम्य घालवून बसतो. दोष बहुधा तेथें नसतोच. दोष असतो मानेच्या खालीं. डोक्याच्या मानानें खांदे अरुंद झालेले असतात, हात दांडगे झालेले असतात, मांड्या आखूड झालेल्या असतात. आपलें माणूस दुरून रस्त्यानें येत असलें तर चेहरा नीट दिसण्याच्या आधींच आपण त्याला ओळखतों, तें कशावरून? त्याच्या अंगलटीवरून. ही अंगलट, म्हणजे शरीराच्या निरनिराळ्या भागांचें एकमेकांशीं असलेलें प्रमाण, जुन्या फोटोवरून चित्र काढतांना कशी बिघडते व ती कशी सांभाळावी, ह्याविषयीं आज मला बोलावयाचें आहे.

हा प्रश्न निव्वळ कारागिरीचा असता तर तो मीं आपल्यापुढें मांडला नसता. परंतु तसबीर एकदां भिंतीवर लागली कीं फोटो परत पेटींत जातो, आणि पुढच्या पिढीला तसबीर हेच पणजोबा होऊन बसतात. ज्यांनीं त्यांना प्रत्यक्ष पाहिलें होतें अशीं माणसें त्या घरांत आतां एक किंवा दोनच उरलेलीं असतात. तीं आहेत तोंवरच "हे ते नव्हेत" असें म्हणणारें कोणी आहे.

फोटो खोटें बोलत नाहीं अशी एक समजूत आहे. कॅमेरा खोटें बोलत नाहीं हें मान्य. पण तो एकाच जागीं, एकच डोळा उघडा ठेवून उभा असतो, आणि त्या जागेवरून जें दिसलें तेवढेंच सांगतो. जवळची वस्तु मोठी आणि लांबची लहान, हा दृष्टीचा साधा नियम. समजा, गृहस्थ खुर्चीवर बसले आहेत आणि हात गुडघ्यांवर आहेत. गुडघे चेहऱ्यापेक्षां सुमारें दीड फूट पुढें असतात. फोटोग्राफराची खोली लहान असून कॅमेरा गुडघ्यांपासून पांच फुटांवर मांडला, तर चेहरा त्याच्यापासून साडेसहा फुटांवर पडला. म्हणजे कागदावर हात चेहऱ्याच्या मानानें खऱ्यापेक्षां जवळजवळ तीन दशांशांनीं मोठे उमटणार. पाऊल आणखी फूटभर पुढें असलें तर तें दीडपटीहूनहि मोठें. तोच कॅमेरा पंधरा फुटांवर नेला, तर हातांची वाढ केवळ एक दशांश राहते व ती कोणाच्याहि डोळ्यांना खुपत नाहीं. भिंग कोणत्या जातीचें होतें ह्याच्याशीं ह्याचा संबंध नाहीं. प्रमाण ठरतें तें अंतरानें. हल्लीं मोबाईल हातभर अंतरावर धरून स्वतःचा फोटो काढण्याची जी चाल पडली आहे, तींत नाक फुगलेलें आणि कान मागें पळालेले दिसतात, त्याचेंहि कारण हेंच.

मग त्या लहानशा जुन्या फोटोंत हा दोष कोणालाच कसा दिसत नाहीं? ह्याचें उत्तर मोठें मौजेचें आहे. जुन्या 'कॅबिनेट' फोटोचा पुठ्ठा सुमारें साडेसहा इंच लांब व सवाचार इंच रुंद. तो आपण हातांत धरून फूटभर अंतरावरून पाहतों. त्या काळच्या अशा कॅमेऱ्यांत भिंगापासून आंतल्या कांचेपर्यंतचें अंतरहि पुष्कळदां दहा-अकरा इंचच असे, आणि कागद त्या कांचेलाच भिडवून फोटो छापला जाई. त्यामुळें फोटो पाहतांना आपला डोळा नकळत भिंगाच्याच जागेच्या आसपास येऊन बसतो, व तेथून सर्व प्रमाणें खरीं वाटतात. तोच फोटो दहापट वाढवून माणसाएवढा केला कीं डोळ्याची योग्य जागाहि दहापट दूर सरते. माणसाएवढ्या चित्राच्या बाबतींत हा हिशोब फारच सोपा आहे. कॅमेरा माणसापासून जितका दूर उभा होता, तितक्याच अंतरावरून चित्र पाहिलें तर तें बरोबर दिसावयाचें. कॅमेरा पांच फुटांवर असला तर पांच फुटांवरून. पण दिवाणखान्यांतली तसबीर पांच फुटांवरून कोण पाहतो? पाहुणे बसतात समोरच्या भिंतीशीं, बारा-पंधरा फुटांवर. आणि तेथून ते हात पैलवानाचे व ते पाय हत्तीचे दिसूं लागतात. फोटोंत नव्हता तो दोष चित्रकारानें आणला असें घरच्यांना वाटतें, आणि आपण चौकटी आखून रेघेला रेघ जुळवली आहे अशी शपथ चित्रकार घेतो. दोघेहि खरेंच बोलत असतात.

कॅमेरा इतका जवळ कां आणीत, हें समजण्यासाठीं त्या काळची अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. डागेरची रीति १८३९ सालीं जगापुढें आली. तींत माणसाला कित्येक मिनिटें निश्चल बसावें लागे. व्हिएन्ना येथील पेट्झव्हाल ह्या गणितज्ञानें १८४० सालीं माणसांचे फोटो काढण्याजोगें, पुष्कळ प्रकाश आंत घेणारें भिंग सिद्ध केलें, आणि १८५१ सालीं आर्चरची ओल्या कांचेची रीति निघाल्यावर मिनिटांचीं सेकंदें झालीं. आपल्या मुंबईंत फोटोग्राफीची मंडळी १८५४ सालींच स्थापन झाली होती, म्हणजे ही कला आपल्याकडे उशीरां आली असें नाहीं. परंतु प्रकाश सूर्याचा, खोली कांचेच्या छपराची, आणि जागा बेताची. शिवाय पेट्झव्हालच्या भिंगाचा एक स्वभाव असा कीं, मध्यभागीं तें अतिशय तीक्ष्ण असतें आणि कडेला चित्र विरघळत जातें. चेहरा मध्याजवळ आणला कीं हात आणि पाय कडेला जातात. म्हणून जुन्या फोटोंत डोळ्यांची पापणी मोजतां येते आणि पायाचीं बोटें मात्र धुक्यांत असतात. तेथें चित्रकाराला तर्कच करावा लागतो. त्यांत मान हलूं नये म्हणून डोक्याच्या मागें लोखंडी टेकू लावीत. खुर्चीच्या पायांमागें त्याचें बूड कधीं कधीं अजून दिसतें. तें दिसलें कीं समजावें, ह्या माणसाची मान इतकी ताठ आणि खांदे इतके वर हे त्याच्या अंगचे नव्हेत, ते त्या लोखंडाचे आहेत. चित्रांत ते थोडे खालीं उतरवले तर माणूस श्वास घेऊं लागतो.

आतां मुख्य काम. फोटो हातीं आला कीं मी प्रथम चेहरा पाहत नाहीं, खुर्ची पाहतों. माणसाची उंची आपल्याला ठाऊक नसते, पण खुर्ची ही सुताराची वस्तु आहे. तिचे पुढचे व मागचे पाय बैठकीपर्यंत सारखेच उंच असतात. कांटकंपास घेऊन फोटोंतला पुढचा पाय मोजावा आणि मागचा मोजावा. समजा, पुढचा चौदा सूत भरला आणि मागचा बारा सूत. बैठकीची खोली साधारणपणें दीड फूट. तर त्रैराशिक असें : चौदा आणि बारा ह्यांचें जें प्रमाण, तेंच मागच्या पायाच्या आणि पुढच्या पायाच्या कॅमेऱ्यापासूनच्या अंतराचें. दोन सुतांचा फरक हा दीड फुटाचा फरक; म्हणून पुढचा पाय कॅमेऱ्यापासून नऊ फुटांवर आणि मागचा साडेदहा फुटांवर. एवढें कळलें कीं सर्व गुपित हातीं आलें. गुडघे व त्यांवरचे हात पुढच्या पायाच्या रेषेंत, चेहरा मागच्या पायाच्या रेषेंत; तेव्हां फोटोंतले हात चेहऱ्याच्या मानानें एक षष्ठांशानें वाढलेले आहेत. शाळेंतलें त्रैराशिक मला चित्रकलेंत जितकें उपयोगीं पडलें तितकें दुसऱ्या कोठेंहि पडलें नाहीं.

मग हात नेमके एवढेच कमी करून चेहऱ्याशीं बरोबरीला आणावेत काय? येथें नवशिक्या माणसाचा हात फार लवकर चालतो. तसें केलें तर हात वाळलेले, लहान मुलाचे वाटतात, कारण पुढें असलेला हात थोडा मोठा दिसणें ही दृष्टीची अपेक्षाच असते. माणूस समोर पंधरा फुटांवर खुर्चीवर बसला असता त्याचे हात जेवढे मोठे दिसले असते तेवढे राखावेत. नऊ फुटांवरचा एक षष्ठांश काढून टाकून त्याच्या जागीं पंधरा फुटांवरचा एक दशांश ठेवावयाचा, एवढाच हा बदल. पावलें ह्याहून जास्त कमी करावीं लागतात. हें सर्व मोठ्या कॅनव्हासवर करावयाचें नाहीं. फोटोच्याच आकाराच्या पारदर्शक कागदावर आधीं सुधारलेली आकृति काढावी, आणि मग तिच्यावर चौकटी आखून ती वाढवावी. मूळ फोटोवर पेन्सिल लावूं नये हें सांगण्याची खरोखर गरज नसावी, पण नाकावरून गेलेल्या चौकटीच्या रेघा असलेले फोटो मीं पाहिले आहेत.

अंतराइतकीच कॅमेऱ्याची उंचीहि महत्त्वाची. टेबलाच्या कडा, खुर्चीचे हात, फरशीचे सांधे ह्यांच्या समांतर रेघा मागें वाढवीत नेल्या कीं त्या ज्या उंचीवर एकत्र येतात ती कॅमेऱ्याच्या डोळ्याची उंची. अनुभवी स्टुडिओंत ती बसलेल्या माणसाच्या छातीच्या आसपास असे. परंतु वाड्याच्या चौकांत काढलेल्या फोटोंत फोटोग्राफर आपल्या उभ्या उंचीवरून खालीं पाहत असे, आणि मग बसलेल्या माणसाचें कपाळ विस्तीर्ण, हनुवटी बारीक व पाय खुंटलेले येतात. शहाबादी फरशी असली तर चित्रकाराचें भाग्य. शेणानें सारवलेलें अंगण असलें तर भिंतींतल्या खुंट्या आणि ओटीची कड पाहावी.

फोटोंत जेथें दिसत नाहीं तेथें शरीराचे सामान्य नियम मदतीला घ्यावे लागतात. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारें साडेसातपट. रोमन लेखक विट्रुव्हियस आठपट सांगतो, पण तो आदर्शाची गोष्ट बोलत होता. बसलेल्या माणसाचें बैठकीपासून माथ्यापर्यंतचें अंतर हें त्याच्या उंचीच्या अर्ध्याहून किंचित् अधिक. दोन्ही हात पसरले असतां टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ उंचीइतकेंच. पाऊल हें कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढें, आणि पंजा हनुवटीपासून केंसांच्या रेषेपर्यंतच्या चेहऱ्याएवढा. हा शेवटचा नियम श्रोत्यांनीं आतांच स्वतःवर पडताळून पाहावा. बहुतेकांना आपला हात आपल्याला वाटत होता त्यापेक्षां मोठा असल्याचें आढळेल. चित्रें काढणारा प्रत्येक जण प्रारंभीं हात लहान आणि डोकें मोठें काढतो, तें ह्याच भ्रमामुळें.

आपल्या महाराष्ट्रांत एक अडचण खास आहे, ती पागोट्याची. पगडी, पागोटें, फेटा ह्यांच्याखालीं माथा कोठें संपतो हें दिसत नाहीं, आणि चित्रकार पगडीसह सगळ्याला डोकें समजून त्याच्या मानानें धड काढतो. असा माणूस भीमकाय होतो. किंवा उलट, पगडी वगळतांना कवटीच कापली जाते आणि माणूस बिनडोक्याचा दिसतो. डोळे हे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात. म्हणून हनुवटीपासून बुबुळापर्यंतचें अंतर घ्यावें आणि तेवढेंच बुबुळापासून वर मोजावें; तेथें माथा. परंतु दांत गेलेल्या वृद्धाची हनुवटी वर आलेली असते, तेव्हां हें माप थोडें वाढवून घ्यावें लागतें. तीच अडचण डोक्यावरून पदर घेतलेल्या आजीबाईंची. शिवाय नऊवारीच्या घोळांत गुडघा नेमका कोठें आहे हें समजत नाहीं. तो खुर्चीच्या बैठकीच्या कडेवरून शोधावा.

नियमांविषयीं बोलतांना आपल्या पूर्वजांची एक गोष्ट मला फार मार्मिक वाटते. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे पांच प्रकार दिले आहेत, व त्यांची उंची अनुक्रमें १०८, १०६, १०४, १०० आणि ९० अंगुळें सांगितली आहे. हीं अंगुळें मात्र ज्याचीं त्याचीं. माणसाचें माप त्याच्याच बोटानें घ्यावयाचें, परक्या पट्टीनें नव्हे. त्याच ग्रंथांत अंगें वळलीं असतां तीं कशीं कमी-अधिक दिसतात ह्याचा विचार 'क्षय' आणि 'वृद्धि' ह्या नांवांनीं केला आहे. म्हणजे पुढें आलेल्या गुडघ्याचा प्रश्न कॅमेऱ्याच्या कित्येक शतकें आधींचा आहे. साडेसात डोक्यांचा नियम हा पहारेकरी म्हणून दारावर ठेवावा. पणजोबांची मान खरोखरच आखूड असली तर ती आखूडच राहिली पाहिजे; नियमाच्या हौसेनें ती लांबवली कीं कोणी तरी दुसरेच गृहस्थ खुर्चींत येऊन बसतात.

हें ओळखावयाचें कसें? फोटोच्या बाहेर पाहून. एका घरीं मला जो फोटो मिळाला तो चौकांत, वरून काढलेला. त्यांत गृहस्थ ठेंगणे, जाडसर असे दिसत. घरांत त्यांच्या सूनबाई होत्या, वय नव्वदीच्या पुढें. त्या म्हणाल्या, "मामंजी असे बुटके नव्हते हो. माजघराच्या दारांतून जातांना त्यांना नेहमीं वांकावें लागे." तें दार अजून जागेवर होतें. मीं मोजलें, तें साडेपांच फूट भरलें. मग बाईंनीं नातवाला माळ्यावर चढवून एक ट्रंक काढवली. तींत मामंजींचा कोर्टांत जावयाचा लांब कोट आणि एक पुणेरी जोडा निघाला. कोट पाठीमागें गळपट्टीपासून खालपर्यंत चाळीस इंच, आणि तो त्यांच्या बरोबर गुडघ्यापर्यंत येई असें बाईंना पक्कें आठवत होतें. मानेपासून गुडघ्यापर्यंत चाळीस इंच असलेला माणूस पावणेसहा फुटांच्या जवळपास असलाच पाहिजे. खांद्यांची शिवण, बाहीची लांबी, जोड्याचा तळ, सर्व मापें मीं लिहून घेतलीं. त्याच बांध्याचा त्यांचा एक पणतू होता. त्याला तो कोट चढवून तशाच खुर्चीवर बसवलें आणि पंधरा फुटांवरून धडाची रेखाकृति काढली. फोटोंतून घेतलें तें डोकें, डोळे, हातांची ठेवण आणि बसण्याची ढब. कोळशानें काढलेला कच्चा आराखडा बाईंना दाखवला तेव्हां त्यांनीं चेहऱ्याकडे फारसें पाहिलेंच नाहीं. हातांनीं डोक्यावरचा पदर सांवरला आणि जरा बाजूला सरून उभ्या राहिल्या.

अशा वेळीं धड एकाचें आणि डोकें दुसऱ्याचें, असा प्रकार होतो हें कबूल. त्याला मी कमी लेखीत नाहीं, परंतु त्यांतले धोके ओळखावेत. अमेरिकेंत लिंकनच्या मृत्यूनंतर त्याची एक भव्य उभी प्रतिमा छापून विकली गेली. तींतलें धड कॅल्हून नांवाच्या दुसऱ्याच पुढाऱ्याच्या जुन्या चित्रांतलें होतें. लिंकन सहा फूट चार इंच उंच, हातापायांनीं लांबसडक आणि काहींसा बेडौल. त्याचें डोकें त्या डौलदार शरीरावर बसवल्यावर चित्र दिमाखदार झालें, पण ज्या शरीरामुळें लिंकन लाखांत ओळखूं येई तेंच त्यांतून नाहींसें झालें. आपल्याकडेहि 'तयार धडें' ठेवणारे रंगारी होते व आहेत. एकच शालजोडी, एकच संगमरवरी टेबल, एकच कांठी, आणि वर दर वेळीं नवें डोकें. संगणकावर हेंच काम आतां घटकाभरांत होतें. डोकें ज्या उंचीवरून आणि ज्या अंतरावरून टिपलें आहे त्याच उंचीवरून व अंतरावरून धड पाहिलें नसेल, तर गळ्याशीं सांधा कितीहि सफाईनें मिळवला तरी डोकें धडावर बसत नाहीं. तें खुंटीवरच्या पगडीसारखें अडकवलेलें वाटतें.

ह्या बाबतींत एडिंबरोच्या डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल ह्याची कथा मोठी बोलकी आहे. स्कॉटलंडच्या चर्चमधून १८४३ सालीं शेंकडों धर्मोपदेशक बाहेर पडले. तो प्रसंग एकाच चित्रांत साठवावा असें हिलच्या मनानें घेतलें, आणि रॉबर्ट ॲडमसन ह्या तरुण फोटोग्राफराला हाताशीं धरून त्यानें त्या मंडळींचे फोटो काढण्यास आरंभ केला. ॲडमसन १८४८ सालीं वारला. चित्र पुरें झालें १८६६ सालीं, तेवीस वर्षांनीं, आणि त्यांत साडेचारशेंहून अधिक माणसें आहेत. ते फोटो आज जगांतल्या उत्कृष्ट व्यक्तिचित्रांत गणले जातात. चित्राबद्दल तसें कोणी म्हणत नाहीं. एकेक चेहरा ओळखूं येतो, पण प्रत्येक जण आपापल्या फोटोंतून आपलें अंतर बरोबर घेऊन आला आहे. त्यामुळें ती सभा न वाटतां ओळीनें मांडलेलीं डोकीं वाटतात.

हेंच लहान प्रमाणावर आपल्या कुटुंबाच्या समूह-फोटोंत घडतें. नवरा खुर्चींत पुढें, बायको त्याच्या मागें दोन फुटांवर उभी. कॅमेरा आठ फुटांवर असला तर ती नवऱ्याच्या मानानें एक पंचमांशानें लहान उमटली आहे. फोटोंत हें खटकत नाहीं. पण दोघांना उचलून शेजारीं शेजारीं बसवलें कीं आजी ही आजोबांची मुलगी दिसूं लागते. प्रत्येकाच्या अंतराचा हिशोब वेगळा करून, मगच दोघांना एका मापावर आणावें लागतें.

आणि लहान मूल. हा विषय मी टाळला असता, परंतु चित्रकाराकडे येणाऱ्या फोटोंत तो वारंवार येतो. अंगणांतल्या एखाद्या समूह-फोटोंत कोणाच्या तरी मांडीवर एक मूल असतें. तें पुढें जगलें नाहीं, आणि त्याचा दुसरा फोटो नाहीं. त्याची एकट्याची तसबीर हवी असते. मूल हें लहान आकाराचें मोठें माणूस नव्हे. जन्मतः त्याची उंची डोक्याच्या चौपट असते, व ती वाढत वाढत साडेसातपटीला पोंचते. चेहऱ्यांत डोळे मध्याच्या खालीं असतात, कपाळ मोठें असतें, मान जवळजवळ नसतेच. मोठ्यांचीं प्रमाणें सवयीनें हातांत बसलेला चित्रकार नकळत मान लांबवतो, डोकें आटोपशीर करतो, आणि दोन वर्षांचें मूल सात वर्षांचें होऊन बसतें. त्या आईनें सात वर्षांचें मूल कधीं पाहिलेलेंच नसतें.

प्रमाणाचीं मापें घेतांना जुन्या कांचेचे आणखी दोन खोडसाळपणे लक्षांत ठेवावेत. ती कांच निळ्या रंगाला भोळी आणि तांबड्याला आंधळी होती. तांबडी पगडी काळी उमटते, गव्हाळ कातडी सांवळी उमटते, आणि निळा अंगरखा पांढऱ्यासारखा. गडद पदार्थ मागच्या अंधारांत मिसळून गेला कीं खांद्याची कड हरवते व माणूस अरुंद वाटतो. पांढरें धोतर उजेडानें फुलून आलें कीं मांड्या जाड वाटतात. दुसरें म्हणजे डावें-उजवें. डागेरच्या रीतीचे आणि लोखंडी पत्र्यावरचे फोटो आरशासारखे उलटे असतात. कोटाचीं बटणें व पदराचा खांदा पाहून आधीं खात्री करून घ्यावी, नाहीं तर उजव्या गालावरचा तीळ जन्मभर डाव्या गालावर जातो, आणि एक खांदा उतरता असला तर भलताच उतरतो.

शेवटीं एक व्यावहारिक प्रश्न, जो मी गिऱ्हाइकाला सर्वांत आधीं विचारतों : तसबीर लावणार कोठें? आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या तसबिरी दाराच्या वर, छताजवळ लावण्याची पद्धत आहे. आदर म्हणून तें योग्यच. पण फोटो छातीच्या उंचीवरून काढलेला असतो, त्यांत मांडी वरून दिसत असते, आणि पाहणारा खालून पाहत असतो. मग माणूस खुर्चीवरून घसरून खालीं येत आहे असा भास होतो. जागा उंच असेल तर तसबीर वरच्या बाजूनें पुढें झुकवून टांगण्याची सोय करावी लागते, आणि मांडीचा वरचा भाग आराखड्यांतच थोडा दाबून घ्यावा लागतो. ज्या घरीं हें शक्य असेल तेथें मी स्वतः जाऊन भिंतीची उंची, समोरच्या बैठकीपर्यंतचें अंतर आणि खिडकीचा उजेड कोणत्या बाजूनें येतो हें लिहून आणतों, आणि मगच कॅनव्हास ताणावयास घेतों.